ई-२० पेट्रोलने अ‍ॅव्हरेज नक्की किती पडतं? माझं १८ वरून १५ वर आलंय

खारट_वारा, गुहागर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसी, ८१ हजार किलोमीटर झालेत. रोजचं जाणं-येणं गुहागर ते चिपळूण, दोन्ही वेळचं मिळून नव्वदच्या आसपास, महिन्याचे सतरा-अठरा दिवस, बाकी मग कधी धोपाव्याला फेरीबोटीत गाडी टाकून पलीकडे दापोली नाहीतर शृंगारतळीचा बाजार. दोन वर्षांपूर्वीपर्यंत गाडी १८ चं अ‍ॅव्हरेज द्यायची आणि हे स्क्रीनवरचं सांगत नाहीये, टाकी फुल्ल करून, किलोमीटर लिहून, परत त्याच पंपावर फुल्ल करून काढलेलं. डायरी आहे माझ्याकडे, बायको हसते त्या डायरीला. आता गेले सात-आठ महिने १५ च्या वर काही जात नाही, एकदा १४.६ आलं तेव्हा मी पंपावरच्या पोराशी उगाचच भांडलो, त्याचा काय दोष.

ज्याला विचारावं तो म्हणतो इथेनॉल, ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के तेच. मेकॅनिक म्हणतो इथेनॉल, चहावाला म्हणतो इथेनॉल, आमचे काका ज्यांनी आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नाही तेही म्हणतात उसाचं पेट्रोल रे ते, दुसरं काय होणार. एका सर्व्हिस सेंटरने तर इथेनॉलपासून इंजिन वाचवणारी म्हणून एक बाटली माझ्या गळ्यात मारली, सहाशे रुपये, टाकीत ओतली, फरक शून्य. मॅन्युअल शोधून काढलं तर त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलंय, वीसचा उल्लेखच नाही.

दुसरी गोष्ट बाबांच्या बाईकची. २००९ ची, कार्बोरेटरवाली. पडवीत उभी असते, आठवड्यातून एकदा बाहेर निघते ती देवळात जायला. पावसाळ्यात आठ-दहा किका मारल्याशिवाय चालू होत नाही, आणि हल्ली जवळ गेलं की पेट्रोलचा वास येतो.

तर प्रश्न असा की हे तीन किलोमीटर खरंच इथेनॉलने खाल्ले का, आणि इंजिन आतून खराब होतंय की काय. गाडी विकायची ऐपत नाही, आणखी पाच-सहा वर्षं हीच ओढायचीय.

रेवदंडा_लोकल

१५ मिळतंय म्हणजे नशीबवान आहात. माझं २२ चं १६ झालं, थेट पंचवीस टक्क्यांहून जास्त खाली. सगळी लूट आहे, कोणाला विचारायचं नाही कोणाला सांगायचं नाही. गाडी विका आणि बैलगाडी घ्या, बैलाला तरी ऊस चालतो.

सडा_आणि_गणित, रत्नागिरी

रेवदंडावाले, बैलगाडी ठीक आहे पण पंचवीस टक्क्यांचं गणित काही जमत नाही. मी पंचवीस वर्षं पोरांना ऑटोमोबाईल शिकवलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

एक लिटर साध्या पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१ च्या जवळपास. म्हणजे इथेनॉल लिटरमागे एक तृतीयांश कमी, हे खरं आहे आणि कोणी नाकारत पण नाही. पण टाकीत अख्खं इथेनॉल नाहीये, वीस टक्के आहे. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी भरते. आता खारट_वारा, तुम्ही दोन वर्षांपूर्वी शुद्ध पेट्रोल थोडंच भरत होतात, २०२२ च्या जूनमध्येच देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोचली होती. म्हणजे तुमची तुलना दहा आणि वीसमधली आहे, आणि तो फरक उरतो साडेतीन टक्के. १८ चे साडेतीन टक्के कमी करा, १७.४ येतात. अगदी शुद्ध पेट्रोलपासून धरलं तरी १६.७. पंधरा कुठून आले?

सरकारी कागदात पण हेच आहे. नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉलचा आराखडा आहे, त्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला ट्यून केलेल्या चारचाकीला सहा-सात टक्के, तशाच दुचाकीला तीन-चार टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० ला ट्यून केलेल्या चारचाकीला एक-दोन टक्के घट धरलीय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बोंबाबोंब झाली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने एक-दोन टक्के आणि बाकीच्या गाड्यांना तीन ते सहा असं सांगितलं. आकडे सरकारी आहेत म्हणून डोळे झाकून मानू नका, पण ऊर्जेचं गणित कुठल्या पक्षाचं नसतं.

आता गाडीच्या आत काय होतं. पेट्रोल नीट जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. त्यामुळे ई-२० ला हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. तुमच्या गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे, तो बघतो की धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि जुळवून घेतो. याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ओळखीत कोणाकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर असेल, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा छोटा मिळतो तसला, तर लाँग टर्म ट्रिम बघा. अधिक चार-पाच टक्के दिसलं तर ते इथेनॉलचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अधिक पंधरा-वीस दिसलं तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा गाडीतला पेट्रोल पंप थकलाय किंवा इंजेक्टर तुंबलाय, आणि ते पाप इथेनॉलच्या माथी मारू नका.

ऑक्टेनबद्दल पण सांगून टाकतो कारण पुढे कोणीतरी विचारणारच. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या पुढे, त्यामुळे ई-२० चा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा चांगला. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नाही, नॉकिंग न होता किती दाब सोसतं ते मोजणं आहे. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन त्यासाठी वाढवलंय त्याला फायदा, तुमच्या २०१७ च्याला फार तर परशुराम घाटात लोड घेताना टकटक कमी येईल, बस.

हे सगळं सोडा आणि आधी टायरची हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक बघा. गाडी चालवून आणल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, हात लावू नका नुसता जवळ न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का बघा.

पान्हा_नंबर_चौदा, दापोली

सरांचं गणित बरोबर आहे पण सर गाडी कागदावर चालवतात आणि आम्ही खाली झोपून बघतो. एकवीस वर्षं गॅरेज आहे, मी फक्त माझ्यासमोर जे येतं ते सांगतो.

२०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या घेऊन येतात त्यांना मी परत पाठवतो, त्यांचे पाईप, सील, पंप सगळं ई-२० ला चालणारं आहे, उगाच पैसे कशाला घेऊ. त्याच्या आधीच्या गाड्यांमध्ये प्रकार असा होतो की रबर हळूहळू जातं. सगळं रबर नाही, जे चांगलं काळं फ्लुरो रबर असतं त्याला काही होत नाही, पण जुनं साधं नायट्राईल, कॉर्कची गास्केट, तसल्या गोष्टी आधी फुगतात मग कडक होतात मग चिरा पडतात. इंजिन फुटलं, पिस्टन गेला असं इथेनॉलने झालेलं एकही उदाहरण माझ्याकडे आलेलं नाही. येतं ते पाच-पन्नास रुपयाचं ओ-रिंग आणि दीडशे रुपयाचा पाईप, पण लक्ष दिलं नाही तर तो पाईप गरम इंजिनावर गळतो आणि मग गोष्ट पन्नास रुपयाची राहत नाही.

म्हणून तुमच्या वडिलांच्या बाईकचं आधी बोलतो, गाडीचं नंतर. वास येतोय म्हणालात ना, ती बाईक आजपासून घरात पडवीत लावू नका, खळ्यात लावा, पेट्रोलचा नॉब बंद ठेवा. बहुतेक नॉबचं वायसर किंवा कार्बोरेटरच्या बाऊलचं गास्केट फुगलंय, नाहीतर फ्लोटची नीडल नीट बसत नाहीये. माझ्याकडे गेल्या पावसात अशा किती आल्या मोजल्या नाहीत. बाऊल खोलला की तळाला पांढरट हिरवट चिकट साका, जेट म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, ते बंद. कार्बोरेटरला सेन्सर नाही, त्यामुळे सर म्हणतात ते जुळवून घेणं तिथे होत नाही, मिश्रण लीन होतं म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, मग गाडी तापते, पिकअप घेताना अडखळते, अ‍ॅक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट वाजते. एअर स्क्रू जरा फिरवून, नाही झालं तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून चालतं. अ‍ॅव्हरेज थोडं जातं पण इंजिन थंड राहतं.

अजून एक कोणी सांगत नाही ते. इथेनॉल चांगलं सॉल्व्हंट आहे, म्हणजे टाकीत दहा-पंधरा वर्षं साचलेला गाळ आणि गंज ते सोडवून काढतं आणि पुढे ढकलतं. म्हणून जुन्या गाडीला सुरुवातीला फिल्टर तुंबतो. लोक म्हणतात इथेनॉलने कचरा केला. कचरा तुमचाच होता, त्याने फक्त बाहेर काढला.

आणि ती सहाशेची बाटली. मी विकत नाही. विकली असती तर आतापर्यंत गॅरेजवर पत्रा बदलून स्लॅब टाकला असता.

सरांशी एका बाबतीत माझं पटत नाही, ते पाण्याचं. सरांनी पाण्याचा विषयच काढला नाही.

चाकरमानी_राजापूर, सध्या डोंबिवली

पाण्याचा विषय निघालाच आहे तर माझं घुसडतो. गावची गाडी गणपतीला चालवून ठेवली की ती शिमग्याला चालू होते, मधे कोणी हात लावत नाही, आईला चालवता येत नाही आणि शेजाऱ्यांना चावी द्यायची म्हणजे गाडी काजूच्या पिशव्या वाहायला जाणार. या वर्षी शिमग्याला आलो तर चालूच होईना, बॅटरी बदलली तरी मिसिंग, टाकी रिकामी करायला लावली, बाटलीत काढलं तर खाली वेगळा थर दिसला, पाण्यासारखा. पंपाने पाणी घातलं का? की इथेनॉलचं आपोआप पाणी होतं? इथे व्हॉट्सअपवर तर व्हिडिओ फिरतोय की इथेनॉलचं सहा महिन्यांत पाणी होतं.

सडा_आणि_गणित, रत्नागिरी

इथेनॉलचं पाणी होत नाही हो, तसं झालं असतं तर कपाटातल्या बाटल्यांचं काय झालं असतं. (तुमच्या नसतील, कोणाच्या तरी.)

इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पोटात ठेवतं. एका मर्यादेपर्यंत ते चांगलंच, कारण थोडं पाणी विरघळून इंजिनात जळून जातं. ई-१० ला साधारण अर्धा टक्का पाणी झेपतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत २०० मिली, ई-२० ला त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याबरोबर खाली जाऊन बसतं, तुम्ही बघितला तो थर पाणी आणि इथेनॉल दोन्हीचा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचं तोंड टाकीच्या तळाला, म्हणजे गाडीला पहिला घोट तोच मिळतो.

आता पाणी आलं कुठून. गाडीची टाकी बऱ्यापैकी बंदिस्त असते, नुसत्या दमट हवेतून एवढं पाणी शिरायला फार वेळ लागतो, म्हणून पान्हासाहेब, मी विषय काढला नव्हता. माझा संशय झाकणाच्या रबरावर, किंवा भर पावसात पंपावर भरताना. नाहीतर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, २०२१ च्या २२ जुलैला चिपळुणात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, अशा वेळी जमिनीखालची टाकी कोरडी राहिली की नाही हे बघणं पंपवाल्याचं काम आहे. आधी नुसतं पाणी तळाला जाऊन बसायचं आणि पेट्रोल वर शाबूत असायचं, आता इथेनॉल त्याला धरून ठेवतं त्यामुळे बेफिकिरी चालत नाही. शंका आली तर पंपावर डेन्सिटी आणि फिल्टर पेपरची टेस्ट मागा, गिऱ्हाईकाचा हक्क आहे तो, लाजू नका.

पान्हा_नंबर_चौदा, दापोली

सहा महिने समुद्रापासून दोन किलोमीटरवर उभी गाडी, दिवसा पत्रा तापतो, रात्री दव पडतं, अर्धी टाकी हवा. सर, तुम्ही म्हणता फार वेळ लागतो. मी म्हणतो सहा महिने म्हणजे फारच वेळ आहे. असो. राजापूरकर, गाडी ठेवून जायची असेल तर टाकी फुल्ल करून ठेवा, झाकणाचं रबर बदला, आणि पंधरा दिवसांनी कोणालातरी अर्धा तास चालवायला द्या, काजूच्या पिशव्या वाहिल्या तर वाहू दे, त्यात गाडी खराब होत नाही. आणि हँडब्रेक ओढून ठेवू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला जांभा लावा.

होडीवालो_मालवण

तुमचा सगळा रस्त्यावरचा चल्लासा, आता जरा दर्यातला आयका. मराठीत लिहितो नायतर रत्नागिरीकरांका कळाचा नाय.

पर्यटकांना फिरवायला दोन फायबरच्या होड्या आहेत, दोन्हीला पेट्रोलची आउटबोर्ड इंजिनं. तुम्हाला निदान नवीन गाडी घेतली की ई-२० ची मिळते, आमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये आजही १० टक्क्यांच्या वर इथेनॉल वापरू नका असं छापलंय, आणि बऱ्याच कंपन्यांचं तेच आहे. पंपावर मात्र एकच नळी. मग करायचं काय, किल्ल्याला वल्ही मारत न्यायचं?

सर म्हणाले गाडीची टाकी बंदिस्त असते. होडीची नसते. व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, उघडा असतो, असायलाच हवा, आणि तो श्वास घेतो तो दर्यावरच्या हवेत. दोन वर्षांपूर्वी किल्ल्याच्या मागच्या अंगाला सहा पर्यटक घेऊन इंजिन थांबलं, वारा बाहेरचा, लाटा लागलेल्या, एक बाई रडायला लागली. भावाची होडी जवळ होती म्हणून दोरी टाकून आणलं. रात्री कार्बोरेटर खोलला तर खाली जेलीसारखं. त्या दिवसापासून टाकी आणि इंजिनाच्या मधे वॉटर सेपरेटर बसवलाय, खाली पारदर्शक वाटी असते त्यात पाणी जमलं की दिसतं, रोज सकाळी अगरबत्ती लावायच्या आधी ती वाटी बघतो. बाकी दोन दिवसाला लागेल एवढंच पेट्रोल आणायचं, कॅन भरून ठेवायचे नाहीत. संध्याकाळी नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. मे संपता संपता धंदा बंद होतो तो थेट ऑगस्ट संपेपर्यंत, त्या तीन महिन्यांत टाकीत थेंब ठेवत नाही, उरलेलं सगळं स्कूटरात ओततो.

अ‍ॅव्हरेज म्हणाल तर ते आम्ही मोजत नाही. भरती, ओहोटी, वारा, माणसांची वजनं. कालच्या ग्रुपमधले चार जण मिळून सहाशे किलोचे होते.

घाटावरचा_जावई, कोल्हापूर (सासर देवगड)

सगळे तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडे ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा १९६६ पासून आहे, आणि मिळायचे कधी तर वर्षाने, साखर गोदामात पडून असायची. इथेनॉलमुळे कारखान्यात तेल कंपन्यांचा पैसा यायला लागला आणि बिलं जरा वेळेवर व्हायला लागली हे मी घरात बघितलंय. हा कार्यक्रम काही काल उगवला नाही, २००३ मध्ये पाच टक्क्यांनी सुरू झाला, २०१४ पर्यंत रखडत दीड टक्क्यावर होता. बाहेरून तेल आणायचे डॉलर वाचतात ते वेगळं. ब्राझील १९७५ पासून करतंय, तिथे २०२५ च्या ऑगस्टपासून तीस टक्के झालं, त्यांच्या गाड्या काय रस्त्यात बंद पडून आहेत का?

सडा_आणि_गणित, रत्नागिरी

जावईबापू, ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत, मिश्रण बदललं तरी गाडी ओळखते. आणि तिथे पंपावर इथेनॉलची वेगळी नळी असते, त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच भरायचं असा तिथल्या गाडीवाल्यांचा साधा हिशोब आहे, कारण ऊर्जा तेवढीच मिळते. माणसाला निवड आहे. आपल्याकडे ई-२० शिवाय साधं पेट्रोलही ठेवा म्हणून जनहित याचिका झाली ती सुप्रीम कोर्टाने २०२५ च्या १ सप्टेंबरला फेटाळली.

माझी तक्रार इंजिनाची नाहीच, भावाची आहे. मी वर सांगितलेल्या नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात लिहिलंय की ऊर्जा कमी आहे म्हणून या मिश्रणाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा. झाला का कमी? तेल कंपन्या म्हणणार इथेनॉलच स्वस्त नाही, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये द्यावे लागतात. असेल. पण मग साडेतीन टक्के कमी माल त्याच भावात घेतोय हे तरी कबूल करा. आणि हल्ली उसापेक्षा मक्याचं इथेनॉल जास्त जातंय, त्यामुळे शेतकऱ्याचं नाव घेताना कुठल्या शेतकऱ्याचं ते पण सांगा.

रेवदंडा_लोकल

मका तिकडे गेला म्हणून कोंबडीचं खाद्य महाग, म्हणून वडे-कोंबडी महाग. आता कळलं.

चाकरमानी_राजापूर, सध्या डोंबिवली

कोकणात दर वर्षी काजूचं बोंडू कुजून जातं त्याचं का नाही करत इथेनॉल. बी काढतो आणि बाकी फेकतो.

होडीवालो_मालवण

करतंत की. पण ता इंजिनापर्यंत पोचत नाय.

खारट_वारा, गुहागर

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण तीन टाक्या मोजून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं.

सर, चिपळूणहून आल्या आल्या चाकांजवळ हात नेला. मागचं डावं चाक एवढं तापलेलं की जवळ नेववेना. आमच्या घरासमोर उतार आहे त्यामुळे मी रोज रात्री हँडब्रेक करकचून ओढतो, पावसात भिजलेली गाडी तशीच उभी, ब्रेक शू ड्रमला धरलेलं आणि केबल पण गंजून अर्धी अडकलेली. म्हणजे मी वर्षभर ब्रेक लावून चिपळूणला जात होतो. केबल, शू आणि मजुरी मिळून चौदाशे गेले. एअर फिल्टर काढला तर त्यातून लाल मातीची एक कुंडी भरली असती. टायरची हवा ३३ पाहिजे तिथे २६.

पहिली टाकी १६.८, दुसरी १७.३, तिसरी १७.१ आणि त्या तिसरीत दोन दिवस फेरीबोटीच्या रांगेत एसी चालू ठेवून बसलो होतो. मित्राच्या पोराने स्कॅनर लावला, ट्रिम अधिक पाच. म्हणजे उरलेला एक किलोमीटर इथेनॉलचा असं मी धरून चाललोय, थोडा गाडीच्या वयाचा असेल. महिन्याला चार-पाच लिटर जास्त जातं, चार-पाचशे रुपये. राग येतो पण झोप उडत नाही. आधी अठरा लिटर जास्त जात होतं ते मात्र आठवलं की स्वतःलाच दोन द्याव्याशा वाटतात.

पंपावरच्या पोराला आंब्याच्या दिवसात डझनभर हापूस द्यायचेत, ते नक्की.

बाबांची बाईक खळ्यात नेली. पान्हासाहेब तुम्ही म्हणालात तसंच निघालं, बाऊलचं गास्केट फुगून बाहेर आलेलं, पाईपला बोटाने वाकवलं तर चिरा दिसल्या. दोन्ही बदललं, जेट साफ केलं, एअर स्क्रू अर्धा फेरा. आता तिसऱ्या किकला घेते. पण टाकीच्या आत टॉर्च मारला तर तळाला गंज दिसतो, खरवडून कोटिंग करून घ्यावं का टाकीच बदलावी? बाबा म्हणतात टाकीवरचा रंग कंपनीचा आहे, तो जाता कामा नये.

पान्हा_नंबर_चौदा, दापोली

आतून गंज किती खोल आहे ते बघितल्याशिवाय सांगत नाही. पोपडे सुटत असतील तर कोटिंग टिकणार नाही, आणि स्वस्तातलं कोटिंग इथेनॉलने सालीसारखं सुटून परत जेटमध्येच येतं, त्यामुळे ई-२० ला चालणारं आहे का ते डब्यावर वाचून मगच घ्या. फोटो टाका. आणि टाकी पूर्ण रिकामी करून दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय कोणालाही वेल्डिंगचा हात लावू देऊ नका, मी तर दोन दिवसांनीही देत नाही.

बाबांना सांगा रंग बाहेरून असतो, काम आतून करायचंय.